उजवा कासरा

आधीच सांगून टाकतो — या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो आहे. पिंपळ, पांढरी साडी, "मागे वळून पाहू नकोस"... अंक घरात आला की बायको पाककृतीचं पान उघडते आणि मी हे! राहतो अंबरनाथला, शिवमंदिरापासून हाकेच्या अंतरावर, पण सोमवारचा उपास मला कधी जमला नाही. रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला उमेदीची सगळी वर्षं गेली. जे तपासता येत नाही ते पास करायचं नाही, ही हाडात मुरलेली सवय. आणि आता मीच पेन घेऊन बसलोय. हसणाऱ्याचे दात दिसतात म्हणतात, तसं झालंय माझं.

गोष्ट २००० नंतरची, बटणांचे मोबाइल नुकते खिशाखिशात आले होते तेव्हाची. आमचं मूळ गाव बदलापूरजवळ, जांभूळ गावाच्या पलीकडे. घरची भातशेती. भात कापलं की त्याच जमिनीत वाल पेरायचे, आणि वाल उगवून वर आले की बैलांच्या शर्यती! या गोष्टीच्या वीस-पंचवीस वर्षं आधी आमच्याकडे शर्यत म्हणजे नुसता वेडेपणा होता. छकडा म्हणजे दोन चाकं आणि चार फळ्या, त्याला बैलजोडी, आणि वर एकटा हाकणारा. माझा थोरला भाऊ — आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो — पंचक्रोशीत त्याच्यासारखा हाकणारा नव्हता. ही मी भाऊ म्हणून मारलेली फुशारकी नाही, त्याच्याशी हरलेले लोकसुद्धा हेच सांगायचे.

नवीन पोरं त्याच्याकडे शिकायला यायची. त्यांना तो पहिली गोष्ट कुठली सांगायचा, तर पळायची नाही, पडायची. "जोडीतला एक बैल पडला ना, का दुसऱ्याला मारायचं नाय. त्याचा कासरा मागं खेचायचा. तो जेवढा जोरात पलंल तेवढा छकडा पडलेल्याच्या अंगावर उलटा व्हईल." कासरा म्हणजे बैलाला आवरायचा दोर, हे शहरातल्या वाचकांसाठी. ऐकायला सोपं वाटतं. पण शर्यतीत एक बैल अडखळला की माणसाचा हात आपोआप चाबकाकडे जातो. एक गेला, मग दुसऱ्यावर भागवू! सगळे हीच चूक करतात.

आणि दादानेही तीच केली. डावा बैल, पाखऱ्या, गुडघ्यावर आला. फायनलचा फेरा, समोर झेंडा, गावाची बोंबाबोंब... दादाने उजव्या हिऱ्याला चाबूक ओढला. छकडा जागच्या जागी फिरला, उलटला, आणि दादा खाली. तो तिथेच गेला. सागर, त्याचा मुलगा, तेव्हा रांगत होता.

वहिनी रडल्या तेवढ्या रडल्या, मग त्या जन्मभर चिडलेल्याच राहिल्या. दादावर! बैल विकले, छकडा मोडून चुलीत घातला. दादाचा फोटो पेटीत कपड्यांच्या तळाशी गेला. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "सगल्या गावाला शिकवला आनि सोताच्या वक्ताला इसरला. त्याला काय भिंतीवर लावू?" पाखऱ्या-हिऱ्याची नावं त्या घरात पुन्हा कोणी उच्चारली नाहीत. सागरला एवढंच ठाऊक होतं की बाप शर्यतीत गेला. फक्त दादाचा कासरा तेवढा गोठ्यातल्या खुंटीवर राहून गेला. तो फेकायला कोणाचा हात धजला नाही.

आता गंमत बघा, त्या घरातून कोण निघावा... पायलट! सागर शाळेत असताना विमानाचा आवाज आला की जेवणावरून उठून पळायचा. पुढे शिकला, लायसन्स मिळवलं, आणि एका सर्वे कंपनीत लागला. दोन इंजिनांचं छोटं विमान, पोटाला कॅमेरा, आणि जमिनीचे फोटो काढत फिरायचं. गावात तर त्याची अशी हवा झाली की आमच्या कुत्र्याला पण लोक मान द्यायला लागले.

एकदा सुटीवर आला होता. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी चापत असताना मी सहज म्हणालो, "तुझं बरं रे, एक इंजिन गेलं तरी दुसरं आहेच."

सागर हसला नाही. "काका, सगळ्यांना तसंच वाटतं. पण आमच्यात एक इंजिन बंद पडलं की खरी भीती चालू असलेल्याची असते."

त्याने ताटातली भाकरी बाजूला केली आणि हात विमानासारखा आडवा धरला. "हे बघ. डावं गेलं. उजवं फुल जोरात ओढतंय. म्हणजे नाक कुठे वळणार? डावीकडे. पायाखालचं पेडल दाबून आवरायचं. पण वेग कमी असला तर पाय पुरत नाही... आणि मग असं होतं." त्याचा हात डावीकडे कलला आणि ताटाशेजारी पालथा झाला. "माझ्यासोबत शिकलेला एक मुलगा असाच गेला. सोबत त्याचे सर पण. लोक म्हणाले, एक इंजिन तर चालू होतं! अरे, तेच चालू होतं म्हणून तर उलटलं."

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"खाली असशील आणि वेग नसेल, तर चांगल्या इंजिनाची पॉवर मागे घ्यायची आणि नाक खाली करून सरळ समोर उतरायचं. पुस्तकात आहे, परीक्षेत लिहिलंय. पण त्या क्षणी हात पुढेच जातो रे काका. सगळ्यांचा."

चुलीपाशी भांडं पडल्याचा आवाज झाला. वहिनी परसात निघून गेल्या होत्या. सागर म्हणाला, "आईसमोर बोलायला नको होतं." त्याला वाटलं आई विमानाच्या विषयाने घाबरली. मी खाली मान घालून चटणी चिवडत बसलो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याचा फोन — "काका, सर्वेची लाइन आपल्या गावावरून जातेय! परवा सकाळी. कामच तसलं आहे, खालूनच उडतो आम्ही. काहीतरी लाल फडकवा, मी पंख हलवतो!"

झालं! गावात शर्यतींनंतर एवढा उत्साह मी पाहिला नव्हता. शाळेला सुट्टी दिली नाही तर पोरांनी स्वतःच घेतली. म्हाताऱ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून शेतात येऊन बसल्या, जसं काही वरून त्याला काठ दिसणार होते. उल्हासनगर कॅम्प चारमधला माझा सिंधी दोस्त किशन, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, तो शटर बंद ठेवून दुर्बीण घेऊन हजर! "वडी साईं, भतीजा पायलट और मैं दुकान पे बैठूं? आज धंदा गेला खड्ड्यात."

बांधावर आम्ही उंच बांबू रोवला, टोकाला वहिनींची लाल साडी बांधली. बांबू काही सरळ राहीना. मी आणलेला नायलॉनचा दोर सारखा सटकत होता. तेव्हा वहिनी घराकडे गेल्या आणि परत आल्या तर हातात दादाचा कासरा. त्याला ताजं हळदकुंकू लावलेलं! आमच्यात शर्यतीच्या दिवशी घरची बाई कासऱ्याला हळदकुंकू लावते, मगच तो हाकणाऱ्याच्या हातात जातो. इतक्या वर्षांनी त्यांनी ते केलं होतं.

"बाप तर नाय बघाला," वहिनी म्हणाल्या. "त्याचा कासरा तरी बघू दे."

कासऱ्याचे दोन्ही पदर बांबूला मध्यावर बांधले, एक डावीकडून, एक उजवीकडून. बांबू समोर, आम्ही मागे, आणि दोन्ही दोर ताणून धरायला वहिनी स्वतः उभ्या राहिल्या. मी त्यांच्या उजव्या हाताला. दोरांची उरलेली टोकं त्यांच्या मागे जमिनीवर लोळत होती. मी चेष्टाही केली, "वहिनी, आता फक्त छकडा पाहिजे!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

आणि आलं... बारवी धरणाच्या बाजूने, आधी आवाज, मग पांढरा ठिपका, मग चक्क विमान! एवढं खाली की खिडक्या दिसत होत्या. "सागर! सागर!" पोरं किंचाळत पळत सुटली. मी पन्नाशीचा माणूस, मीही उड्या मारत होतो हो! डोळ्यांत पाणी आणि तोंडातून नुसते हुर्ये. विमानाने पंख हलवले. एकदा उजवा, एकदा डावा. वहिनी हसल्या. त्यांचे दात मी किती वर्षांनी पाहिले कोण जाणे.

आणि आवाज बदलला.

दोन इंजिनांचा एकसंध सूर असतो ना, तो तुटला. फट्-फट् करून काहीतरी थांबलं. किशन दुर्बिणीतून बघत ओरडला, "लेफ्टवाला पंखा रुक गया! अरे रुक गया!" विमानाचं नाक डावीकडे सरकायला लागलं आणि उरलेलं इंजिन जोरात ओरडायला लागलं, पूर्ण ताकदीने. डावा पंख खाली झुकला. आणखी झुकला. सागरचा तो ताटाशेजारी पालथा झालेला हात माझ्या डोळ्यांसमोर आला. आता उलटणार! पोरगं आपल्या डोळ्यांदेखत जाणार, आईच्या डोळ्यांदेखत!

आता जे सांगतो ते जसं झालं तसं सांगतो. पटवून घ्या असा आग्रह नाही.

वहिनींच्या डाव्या हातातला दोर एकदम सैल पडला. आणि उजवा त्यांच्या मुठीतून सर्रकन मागे गेला. मागे! बांबूच्या दिशेने नव्हे. जमिनीवर लोळणारं त्याचं टोक उचललं गेलं आणि आमच्या पाठीमागे, कमरेएवढ्या उंचीवर, हवेत सरळ ताणलं गेलं. मागे कोणी नव्हतं. मोकळं खळं आणि त्यापलीकडे वालाचं शेत. वारा म्हणाल तर पानही हलत नव्हतं, साडी बांबूला चिकटून लोंबत होती. बांबू मात्र मागे वाकत चालला होता.

मी झडप घालून तो दोर धरला. बांबू वहिनींच्या डोक्यात पडेल म्हणून धरला, खरं तर. पण धरला आणि कळलं... पलीकडे माणूस आहे! निर्जीव वजन वेगळं आणि माणसाची ओढ वेगळी. झटका नाही, घाई नाही. थोडं खेच, थोडं सोड, परत खेच. अशा ओढीने बैल आवरणारा एकच माणूस मी पाहिला होता. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून याच दोराला मी हात लावलेला आहे. मी काय करावं? मीही खेचायला लागलो! टाचा रोवून, मागे झुकून, त्याच्याबरोबर. आणि माझ्या कानाशी, अगदी उजव्या कानाशी, बिडीचा वास आणि तो आवाज —

"होऽऽ हिऱ्या... होऽऽ... मागं..."

त्याच क्षणी वरचं दुसरं इंजिनही बसलं. ओरडणं विरत गेलं आणि आभाळात एकदम शांतता. गावाने हंबरडा फोडला, "दुसरा पन गेला! गेला रे!" वहिनी मात्र वर बघतच नव्हत्या. त्या माझ्या मागे, रिकाम्या खळ्याकडे बघत होत्या.

आणि पंख वर आला! डावा पंख हळूहळू वर आला, विमान सरळ झालं, नाक खाली करून घरंगळत यावं तसं उतरलं आणि शेजारच्या बबनच्या वालाच्या शेतात पोटावर आपटलं. एक बांध फोडला, दुसऱ्यावरून उडालं, तिसऱ्याला अडून धुरळ्यात गायब झालं. माझ्या हातातला दोर खाली पडला, साध्या दोरासारखा.

आम्ही पळालो. साठीच्या पुढच्या बायकासुद्धा पळाल्या. धुरळा, पेट्रोलचा वास, चिरडलेल्या वालाचा वास... दार उघडलं आणि आधी कॅमेरावाला बाहेर पडला, कपाळ फुटलेलं. मग सागर, आणि त्याच्या खांद्यावर त्याचे सीनियर कॅप्टन, ज्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तिघेही जिवंत! बबन एवढा वेळ "माजा वाल, माजा वाल" करत पळत आला होता, त्यानेच सागरला मिठी मारली आणि सगळ्यांत मोठ्याने रडला.

उल्हासनगरच्या एका दवाखान्यात तिघांना नेलं. तिथे कॅप्टनसाहेब पट्ट्या बांधून पडले होते. पंजाबी माणूस, मराठीचा गंध नाही. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "एक बात पूछूं? गलती मेरी थी. मैं चिल्लाया, पॉवर दो! मेरा हाथ इसके हाथ के ऊपर था. हम दोनों लीवर को आगे धकेल रहे थे... और राइटवाला पीछे आता गया. दो आदमियों के हाथ समेत." मग म्हणाले, "और हेडसेट में कोई बोल रहा था. ये हीरिया कौन है?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आत्ताही आलाय, लिहिताना.

सागर कॉटवर बसला होता. त्याने उजवा तळहात माझ्यासमोर उघडा केला. आडवा, लालभडक वळ. पिळाच्या दोराचा असतो तसा, पीळन्‌पीळ मोजून घ्यावा असा. विमानाच्या लिव्हरला गुळगुळीत गोळा असतो. आणि माझे तळहात, ज्यांनी तो दोर जीव खाऊन खेचला होता, ते कोरे! वहिनींच्या मुठीतून तर तो घासत गेला होता. त्यांचेही हात कोरे.

आता तपासणीचं बोलू, कारण ती सवय सुटत नाही. लिव्हर जागेवर राहावी म्हणून एक नट आवळतात, तो सैल असेल तर लिव्हर आपोआप मागे येते, असं मला एका जाणकाराने सांगितलं. मला फार बरं वाटलं ते ऐकून! पण सैल लिव्हर दोन माणसांच्या जोराविरुद्ध मागे येत नाही. हेडसेटमधल्या आवाजाचं म्हणाल तर गावच्या रेडिओची खरखर असेल, माणूस घाबरला की काहीही ऐकू येतं. पण पंजाबी माणसाला आमच्या मेलेल्या बैलाचं नाव? मी घाबरलो आणि मला भास झाला म्हणाल, तर किशनला विचारा. तो दुर्बीण काढून माझ्याकडे बघत होता. अजून भेटला की विचारतो, "क्या यार, विमान गिर रहा था और तू रस्सीखेच खेळत होतास? सामने तो कोई था नहीं!" मी त्याला कधी सांगितलं नाही की समोर नव्हता, मागे होता.

पास पण करता येत नाही आणि रिजेक्ट पण.

त्या दिवशी संध्याकाळी मी वहिनींना घरी सोडायला गेलो. सागर सुखरूप आहे हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तेव्हाच त्या दवाखान्यातून निघाल्या होत्या. घरात शिरल्या त्या सरळ पेटीपाशी. कपडे बाहेर फेकले, तळातून दादाचा फोटो काढला, पदराने पुसला आणि मला म्हणाल्या, "भावजी, खिला ठोका." मी खिळा ठोकला. त्यांनी फोटो लावला आणि त्याच खिळ्याला कासरा अडकवला. मग कमरेवर हात ठेवून, रोज भांडणाऱ्या बाईसारख्या त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि आवाज मात्र चिडलेला.

"खेचलाव ना शेवटी?" त्या म्हणाल्या. "येवढी वर्सं लागली तुमाला?"